थायलंडमधील निवृत्तांची मुदतवाढ : पासबुकापासून शिक्क्यापर्यंत

इमिग्रेशन कार्यालयातून परत पाठवलेला अर्जदार बहुतेक वेळा रांगेला दोष देतो. त्याचे कागद चाळले, की चूक तीन महिन्यांपूर्वी बँकेत झालेली सापडते. थायलंडमध्ये निवृत्तीच्या कारणावर राहणाऱ्यांना दरवर्षी वास्तव्याची मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि या कामातला कठीण भाग कार्यालयात पोहोचण्यापूर्वीच संपलेला असला पाहिजे. पुढील टप्पे भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या, विशेषतः महाराष्ट्रातून आलेल्या निवृत्तांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये. बहुतेक फजिती क्रम चुकल्यानेच होते.

टप्पा 1 : कोणती तारीख मोजायची ते ठरवा

पासपोर्टमध्ये दोन तारखा असतात आणि लोक चुकीची तारीख धरून बसतात. व्हिसावरची तारीख त्या व्हिसावर देशात कधीपर्यंत प्रवेश करता येईल ते सांगते. प्रवेशाच्या किंवा मागील मुदतवाढीच्या शिक्क्यातली तारीख मात्र कधीपर्यंत राहता येईल ते सांगते. मुदतवाढ मिळते ती या दुसऱ्या तारखेला. ती पासपोर्टमध्ये शोधून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

निवृत्तीच्या कारणावर मुदतवाढ मागण्यासाठी वय 50 पूर्ण असावे लागते आणि हाती नॉन-इमिग्रंट वर्गाचा व्हिसा असावा लागतो. पर्यटक म्हणून आलेल्याला थेट एका वर्षाची मुदत मिळत नाही. त्याला आधी 2,000 बाथ शुल्क भरून नॉन-इमिग्रंट ‘ओ’ वर्गात यावे लागते, त्यातून 90 दिवस मिळतात आणि त्या 90 दिवसांच्या अखेरीस वर्षाची मुदत मागता येते. या वर्गबदलासाठी हातात किमान 15 दिवसांची मुदत शिल्लक असावी लागते, आणि काही कार्यालये त्याहून जास्त मागतात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्याला त्यामुळे देशाबाहेर जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

‘ओ’ आणि ‘ओ-ए’ हे दोन वर्ग एकच समजू नयेत. ‘ओ-ए’ व्हिसा थायलंडबाहेरच्या दूतावासातून मिळतो आणि त्यावरून मुदत वाढवताना आरोग्यविम्याची अट लागते. ‘ओ’वरून वाढवताना ती लागत नाही. शेजाऱ्याने विम्याचा कागद दिला नाही म्हणून आपणही देऊ नये, असे ठरवण्यापूर्वी शेजाऱ्याचा वर्ग विचारावा.

*तपासून पाहा :* पासपोर्टची स्वतःची वैधता पुढचे पूर्ण वर्ष आहे का? नसेल, तर मुदतवाढ पासपोर्ट संपण्याच्या तारखेलाच थांबते आणि भरलेल्या शुल्कात काही महिनेच हाती लागतात. दहा वर्षांचा पासपोर्ट शेवटच्या वर्षात आला असेल, तर आधी भारतीय दूतावासातून नवा घ्यावा, जुन्यातले शिक्के इमिग्रेशन कार्यालयातून नव्यात उतरवून घ्यावेत आणि मगच मुदतवाढीच्या मागे लागावे.

टप्पा 2 : कॅलेंडर उलटे मांडा

समजा, तुमची मुदत 20 नोव्हेंबरला संपते. कार्यालये साधारणपणे मुदत संपण्यापूर्वीच्या 30 दिवसांत अर्ज घेतात (काही ठिकाणी 45), म्हणजे खिडकी 21 ऑक्टोबरला उघडते. नवे वर्ष जुनी मुदत संपते त्या तारखेपासून मोजले जाते, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. लवकर गेल्याने एकही दिवस वाया जात नाही. तरीही ‘आपले दिवस का घालवा’ असा हिशेब करून शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहणारे दरवर्षी दिसतात. आमच्याकडे वीजबिल शेवटच्या तारखेला भरण्याची जी पिढीजात सवय आहे, ती येथे महागात पडते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करायचे ठरवले, तर पैसे सप्टेंबरच्या आरंभी खात्यात असलेच पाहिजेत. सुरक्षित अंतर ठेवायचे तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत. भारतातून पैसे निघायला लागणारा वेळ धरला, की प्रत्यक्ष कामाला जुलैतच हात घालावा लागतो. त्यातही सुट्ट्या पाहाव्यात: ऑक्टोबरात 13 आणि 23 या दोन्ही तारखांना कार्यालये बंद असतात, आणि ज्यांची मुदत एप्रिलमध्ये संपते त्यांनी 13 ते 15 एप्रिलच्या सोंगक्रानच्या (थाई नववर्षाच्या) आसपासची गर्दी गृहीत धरावी.

*सावधान :* घरभाड्याच्या करारावर आणि बँकेच्या थाई कागदांवर बुद्धसंवताचे वर्ष असते. 2569 म्हणजे 2026. त्यातून 543 वजा करावेत. करार संपला आहे की चालू आहे, हे घरीच या वजाबाकीने पाहून घ्यावे.

टप्पा 3 : पैसे वेळेवर आणि योग्य खात्यात आणा

आर्थिक पात्रतेचे तीन मार्ग आहेत. थाई बँकेतल्या खात्यात 8 लाख बाथ ठेवणे. दरमहा किमान 65,000 बाथ उत्पन्न दाखवणे. किंवा शिल्लक आणि वर्षभराचे उत्पन्न मिळून 8 लाखांची बेरीज करणे. नवख्याने पहिला मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा मार्ग कागदावर सोयीचा दिसतो, परंतु प्रत्येक अधिकारी ती बेरीज आपापल्या रीतीने तपासतो.

पहिल्या मार्गाचे नियम 2019 पासून असे आहेत: 8 लाख बाथ अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावेत, मुदतवाढ मिळाल्यानंतर तीन महिने तसेच राहावेत, आणि उरलेल्या काळात शिल्लक 4 लाखांखाली कधीही जाऊ नये. ‘कधीही’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. एका दिवसापुरती 3,98,000 झालेली शिल्लक पुढच्या वर्षी पासबुकात ठळक दिसते आणि ‘लगेच भरले होते’ हे उत्तर ऐकले जात नाही. म्हणून घरखर्चाचे खाते वेगळे ठेवावे आणि या खात्याचे एटीएम कार्ड पाकिटात बाळगू नये.

खाते एकट्याच्या नावावर असावे. आपल्याकडे पती-पत्नीचे संयुक्त खाते ही शहाणपणाची गोष्ट मानली जाते, पण येथे संयुक्त खात्यातली निम्मी रक्कमच तुमची धरली जाण्याची शक्यता असते आणि काही ठिकाणी तसे खाते चालतच नाही.

आता भारतातली बाजू. भारतात ‘निवासी’ असताना पैसे पाठवायचे, तर ते उदारीकृत प्रेषण योजनेखाली जातात. मर्यादा दर आर्थिक वर्षी प्रत्येक व्यक्तीस 2,50,000 डॉलर आहे, त्यामुळे 8 लाख बाथची अडचण नाही. अडचण आहे ती उगमस्थानी वसूल होणाऱ्या कराची. एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर या प्रकारच्या प्रेषणाला 20 टक्के टीसीएस लागतो, आणि 8 लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांच्या वरची रक्कम आहे. हा कर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी रकमेचा काही भाग 31 मार्चपूर्वी आणि उरलेला 1 एप्रिलनंतर पाठवावा.

जे कायमचे थायलंडला आले आहेत, त्यांचे भारतातले बचतखाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते) झालेले असायला हवे. तसे केले नसेल, तर पैसे पाठवण्याच्या दिवशीच बँक हा विषय काढते आणि त्यात तीन-चार आठवडे सहज जातात. एनआरओ खात्यातून पैसे बाहेर काढताना करविषयक घोषणापत्र आणि गरजेप्रमाणे सीएचे प्रमाणपत्र लागते, म्हणून सीए ऑगस्टमध्ये विवरणपत्रांच्या गर्दीत सापडण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून घ्यावे.

दुसऱ्या मार्गाने, म्हणजे दरमहा उत्पन्न दाखवून जाणाऱ्यांनी बारा महिने सलग परदेशातून रक्कम यायला हवी हे लक्षात ठेवावे. भारतातून बरोबर 65,000 बाथच्या हिशेबाने पाठवलेली रक्कम मधल्या बँकेचे शुल्क कापले गेल्यावर 64,300 होऊन पोहोचते आणि तो महिना बाद होतो. दरमहा चार-पाच हजार बाथ जास्तच पाठवावेत.

*तपासून पाहा :* जमा झालेल्या नोंदीसमोर ती परदेशातून आल्याचे दर्शवणारा संकेत पासबुकात छापला गेला आहे का? काही ऑनलाइन सेवा थाई बँकेला रक्कम देशांतर्गत खात्यातून देतात. मग पासबुकात ती स्थानिक जमा दिसते. वर्गबदलाच्या वेळी आणि मासिक उत्पन्नाच्या मार्गात हा फरक निर्णायक ठरतो. तसे झाले असेल, तर बँकेकडून परदेशी जमेचा दाखला लगेच मागावा.

टप्पा 4 : पत्त्याची नोंद आधी, मुदतवाढ नंतर

परदेशी माणूस घरात राहायला आला, की घरमालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचे असते. हा अर्ज टीएम 30 म्हणून ओळखला जातो. जबाबदारी मालकाची असली, तरी त्याने ती पाळली नाही तर खिडकीवर अडतो तो भाडेकरू. दंड भरून नोंद होते, परंतु त्यासाठी दुसऱ्या खिडकीची दुसरी रांग लावावी लागते आणि तोवर तुमचा क्रमांक निघून गेलेला असतो.

म्हणून अर्जाच्या महिनाभर आधी मालकाकडून नोंदीची पावती, घरनोंदीच्या पुस्तकाची (येथे त्याला ‘ताबियन बान’ म्हणतात) प्रत, मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत आणि भाडेकरार घेऊन ठेवावा. मालकाला शेवटच्या दिवशी फोन केला, की तो नेमका गावाला गेलेला असतो. हे मी दोनदा अनुभवले आहे. नोंदीवरचा पत्ता आणि अर्जावरचा पत्ता एकच असावा.

टप्पा 5 : कागद जमवणे, आणि शेवटच्या दोन दिवसांत बँक

कार्यालयागणिक यादी थोडी बदलते. बँकॉकच्या चेंग वत्तना रस्त्यावरील शासकीय संकुलात जे चालते, ते प्रांतातल्या कार्यालयात चालेलच असे नाही. मित्राची यादी वापरू नये. आपल्या प्रांताच्या कार्यालयात महिनाभर आधी जाऊन चौकशीच्या खिडकीवरून छापील यादी आणावी. सर्वसाधारणपणे पुढील कागद लागतात:

1. टीएम 7 हा अर्ज, दोन्ही बाजू भरलेला. त्यासोबत अटी आणि मुदत उलटल्यास होणारी शिक्षा समजल्याचे छापील कागद असतात, तेही भरावेत.
2. 4 × 6 सेंटिमीटरचा फोटो. भारतातून आणलेले पासपोर्ट फोटो या मापाचे नसतात.
3. पासपोर्ट आणि त्यातल्या फोटोच्या, व्हिसाच्या, शेवटच्या प्रवेशाच्या व मागील मुदतवाढीच्या पानांची झेरॉक्स. भारतीय पासपोर्टचे पत्ता असलेले शेवटचे पानही जोडावे.
4. पत्त्याचे सर्व कागद आणि घरापर्यंतचा नकाशा.
5. बँकेचे प्रमाणपत्र आणि पासबुकाच्या पानांची झेरॉक्स.
6. 1,900 बाथ रोख.

प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही करावी. येथे मराठी माणसाची एक खास अडचण उभी राहते. पासपोर्टवर सही मराठीत, थाई बँकेत इंग्रजीत आणि घाईत केलेल्या झेरॉक्सवर तिसरीच, असा प्रकार अनेकांचा असतो. पासपोर्टवर जशी सही आहे तशीच सर्वत्र करावी, आणि खाते उघडतानाच ती बँकेत द्यावी.

नावाचेही तसेच. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून येते. ओळखीतल्या एका बाईंच्या पासबुकात बँकेने जागा पुरेना म्हणून पतीचे नाव गाळले होते. तीन वर्षे कोणी काही म्हटले नाही. चौथ्या वर्षी नव्या अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि पासबुक शेजारी ठेवले, दोन्ही नावांवरून शांतपणे पेन फिरवले, आणि कागद परत दिले. बँकेत नाव दुरुस्त व्हायला अर्धा तास लागला, पण त्या दिवसाचे क्रमांक संपले होते.

बँकेचे काम मुद्दाम शेवटी ठेवायचे. शिल्लक-प्रमाणपत्र काही कार्यालयांना त्याच दिवसाचे लागते, काही सात दिवसांपर्यंतचे घेतात. खाते ज्या शाखेत आहे तिथेच जावे आणि ‘निवृत्तीच्या मुदतवाढीसाठी इमिग्रेशनला द्यायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे योग्य नमुना मिळतो. अर्जाच्या दिवशी सकाळी यंत्रावर त्या खात्यात शंभर बाथ भरावेत, पासबुकात नोंद छापून घ्यावी आणि त्या पानाची झेरॉक्स काढावी. शिल्लक आजची आहे हे त्यातून सिद्ध होते.

*सावधान :* पासबुक महिनोन्महिने छापले नाही, तर बँक मधल्या सर्व नोंदी एका ओळीत गोळा करते. मग दोन महिन्यांची शिल्लक दिसत नाही आणि वेगळे खातेविवरण मागवावे लागते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पासबुक छापण्याची सवय लावून घ्यावी.

टप्पा 6 : रांगेचा दिवस

कार्यालय साधारण साडेआठला उघडते, परंतु रांग त्याच्या तासभर आधी लागलेली असते. काही ठिकाणी ऑनलाइन वेळ घेता येते. ती सोय असेल तर वापरावी आणि वेळ मिळाल्याचा कागद छापून न्यावा. सोमवार, शुक्रवार आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळावा.

पहिली रांग कागद तपासण्याची असते, क्रमांक त्यानंतर मिळतो. या पहिल्या मेजावर कागद यादीच्या क्रमाने लावलेले द्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद शोधून काढणाऱ्याला बाजूला थांबवले जाते. पती-पत्नी दोघांचे अर्ज असतील तर दोन संच आणि दोन क्रमांक घ्यावेत. एका क्रमांकावर दोन अर्ज घेतीलच असे धरून चालू नये. बारा ते एक जेवणाची सुट्टी असते. आपला क्रमांक पावणेबाराच्या सुमारास येईल असे दिसले, तर जागा सोडू नये.

पोशाख नीटनेटका असावा. अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा शर्ट नको. आवाज चढवणे हे थायलंडमध्ये स्वतःचाच अपमान करून घेणे समजले जाते. एखादा जादा कागद मागितला, तर ‘गेल्या वर्षी लागला नव्हता’ हा वाद घालू नये. कोणता कागद आणि किती वाजेपर्यंत, एवढेच विचारावे. त्याच दिवशी परत आल्यास पुन्हा क्रमांक लागणार नाही, असे अनेकदा अधिकारी स्वतःच सांगतो.

दाराशी घुटमळणाऱ्या एजंटांविषयी एकच सांगायचे आहे. रांगेत उभे राहून कागद भरून देणारा एजंट ही सोय आहे. ‘पैसे खात्यात नसले तरी चालेल, आम्ही दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये. खोटेपणा उघड झाला तर मुदत रद्द होते ती तुमची.

*अर्ज नाकारला तर :* साधारणपणे देश सोडण्यासाठी सात दिवस मिळतात. मुदतीच्या तीन आठवडे आधी गेलेला माणूस मात्र उणा कागद घेऊन पुन्हा येऊ शकतो.

टप्पा 7 : खिडकी सोडण्यापूर्वी

पासपोर्ट हातात आला, की तिथेच चष्मा लावून चार गोष्टी वाचाव्यात: नाव, पासपोर्ट क्रमांक, नवी तारीख आणि तिचे वर्ष. 20 नोव्हेंबर 2026 ची मुदत 20 नोव्हेंबर 2027 झाली पाहिजे. चूक तिथल्या तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते. घरी लक्षात आली तर नवी रांग. शुल्काची पावती जपावी.

पुढच्या वर्षभरात देशाबाहेर जाण्याची जरा जरी शक्यता असेल, तरी त्याच दिवशी टीएम 8 भरून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा. एका वेळेसाठी 1,000 बाथ, अनेक वेळांसाठी 3,800. तो न घेता विमानात बसले, तर वर्षाची मुदत सीमेवरच संपते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. पुण्याहून भावाच्या आजारपणाचा फोन रात्री दोन वाजता येतो; त्या वेळी हे आठवत नाही. मोठ्या विमानतळांवरही परवाना मिळतो, पण पासपोर्ट तपासणीतून बाहेर पडण्याआधीच घ्यावा लागतो.

टप्पा 8 : शिक्का मिळाल्यानंतरचे वर्ष

सलग 90 दिवस राहिले, की टीएम 47 वर पत्ता कळवावा लागतो. नियत तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत हे चालते. त्यापुढे 2,000 बाथ दंड. मुदतवाढ मिळाली म्हणजे 90 दिवसांचा अहवाल झाला, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. दोन्ही गणिते स्वतंत्र चालतात. देशाबाहेर जाऊन आलात, तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. पहिला अहवाल आणि नव्या पासपोर्टनंतरचा अहवाल प्रत्यक्ष जाऊन द्यावा, मग ऑनलाइन करता येतो. परत येताना प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरायचे असते; 1 मे 2025 पासून ते सर्वांना लागू आहे.

पैशांची तारीखही कॅलेंडरवर लिहावी. वरच्या उदाहरणात 8 लाख 20 फेब्रुवारीपर्यंत हलवायचे नाहीत. त्यानंतर 4 लाखांची तळरेषा. आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुन्हा 8 लाख. काही कार्यालये तीन महिन्यांनी पासबुक दाखवायला बोलावतात. तसे सांगितले असेल, तर त्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टलाच लावलेली असते. ती काढून टाकू नये.

मुदत एका दिवसाने जरी उलटली, तरी दिवसाला 500 बाथ दंड लागतो, कमाल 20,000 पर्यंत. 90 दिवसांहून अधिक उलटल्यास स्वतःहून देश सोडणाऱ्यालाही एका वर्षाची प्रवेशबंदी होते, आणि पकडले गेल्यास बंदी किमान पाच वर्षांची असते.

टप्पा 9 : जोडीदाराचा अर्ज

पती किंवा पत्नी अवलंबित म्हणून मुख्य अर्जदाराच्या मुदतीवर राहू शकते. तिला वेगळे 8 लाख दाखवावे लागत नाहीत. त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो, आणि तो इंग्रजीत, परराष्ट्र मंत्रालयाच्या व थाई वकिलातीच्या साक्षांकनासह असावा. मुंबईत थाई वकिलात आहे. हे काम भारतात असतानाच उरकावे. अनेकांकडे 1970-80च्या दशकातल्या लग्नाची नोंदच नसते, मग महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणीपासून सुरुवात करावी लागते, त्याला दोन-तीन महिने धरावेत.

अवलंबिताची मुदत मुख्य अर्जदाराच्या मुदतीला बांधलेली असते. मुख्य अर्जदाराचे निधन झाले, तर जोडीदाराला त्या आधारावर राहता येत नाही, आणि एकट्याच्या नावावरच्या खात्यातले पैसे वारसाची कागदपत्रे होईपर्यंत हाती येत नाहीत. म्हणून पत्नीचे वय 50 च्या पुढे असेल आणि ऐपत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिच्या नावाने स्वतंत्र खाते उघडून त्यात हळूहळू रक्कम साठवावी, आणि 8 लाख पूर्ण होऊन दोन महिने झाले, की पुढचा टीएम 7 तिच्या स्वतःच्या निवृत्तीच्या कारणावर भरावा.